एक दोरा, दोन कामं

दोस्तांनो, हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही, पण पाणी आहे! पूर्णेवर सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. अशा धरणात होडीतून गळ टाकायच्या दोन तऱ्हा. होडी वाऱ्यावर सोडून द्यायची, नाहीतर हळूहळू वल्हवत आमिष मागे ओढत न्यायचं. दोन्हींना एकच जोडणी चालते बरं का!

जाड दोऱ्यात आरपार भोक असलेला शिशाचा मणी ओवा. टोकाला फिरकी बांधा. फिरकीच्या दुसऱ्या कडीला दोन हात बारीक दोरा आणि त्याला गळ. झालं!

ओढताना आमिष गरगरतं, पण फिरकीमुळे दोऱ्याला पीळ बसत नाही. वाऱ्यावर तरंगताना मासा आमिष ओढतो, तेव्हा दोरा मण्यातून सरकतो. माशाला वजन जाणवत नाही! बुडालेल्या झुडपात गळ अडकलाच, तर बारीक दोरा तुटतो, बाकीचं वाचतं.

मात्र तुटका नायलॉनचा दोरा काठावर टाकू नका. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात. रोहू-कटला पावसाळ्यात अंडी घालतात, तेव्हा त्यांना सोडून द्या. धरणावर मासेमारीचा ठेका असतो, म्हणून आधी परवानगी विचारा. आणि होडीत मोठं माणूस नि अंगात लाइफ जॅकेट हवंच. मासा उद्याही मिळेल!