लबकचा कापूस, आपले सूत

सुताचा भाव उतरला की आपला विणकर खूश होतो, चढला की गिरणीवाल्याला बोल लावतो. पण हा भाव ज्या कापसावर उभा आहे त्याचा दर केवळ अकोला-जळगावच्या बाजारात ठरत नाही. त्याची एक दोरी अमेरिकेतील टेक्सासमध्ये, लबक काउंटीसारख्या भागात आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लबकभोवतीचा पठारी मुलूख हा अमेरिकेचा सर्वात मोठा कापूसपट्टा. तिथे शेतकरी पाऊस-पाण्याइतकीच सरकारी कार्यालयाकडेही नजर ठेवून असतो.

तिथला हिशोब असा. सरकीसह कापसाचा किमान आधारदर कायद्यात लिहिलेला आहे. 2018 च्या कायद्याने तो पौंडाला 36.7 सेंट होता, 2025 च्या कायद्याने 42 सेंट झाला. वर्षाची सरासरी किंमत त्याखाली गेली की फरक सरकार भरते. रक्कम काढतात ती सरकार दप्तरी नोंदलेल्या जुन्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवर. त्या जमिनीत यंदा कापूस पेरला नसला तरी चालते. पैसे हंगाम उलटल्यावर, ऑक्टोबरनंतर मिळतात. पीकविम्याच्या हप्त्यातही सरकारचा मोठा वाटा असतो.

साहजिकच ज्याची जमीन मोठी त्याचा वाटा मोठा. माणशी मर्यादा आहे (2025 साठी ती 1,55,000 डॉलर होती), पण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरली जाते.

या मदतीमुळे पीक वाढते आणि जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली. 2005 मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. कापसाची थेट मदत काही काळ बंद झाली, ती 2018 मध्ये दुसऱ्या नावाने परतली.

आपल्याकडे 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये ठरला. पण सरकारी खरेदी केंद्रावर माल गेला तरच तो हाती पडतो. बाहेर व्यापाऱ्याला विकला तर मधला फरक भरून द्यायला कोणी येत नाही. त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. गिरण्यांना दिलासा मिळाला, विदर्भ-खानदेशचा शेतकरी मात्र धास्तावला. स्वस्त सुताने आपण खूश व्हावे, पण ते शेतकऱ्याच्या घामाच्या मोलावर नसावे. त्याच्या हाती पैसा नसेल तर ईदला, दिवाळीला, लग्नसराईला आपले कापड घेणार कोण?

लबककडून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे उघडा हिशोब. कोणाला किती रक्कम मिळाली याची 1995 पासूनची यादी तिथल्या एका संस्थेने सरकारी दप्तरावरून लोकांसमोर ठेवली आहे. सरकारी खजिना ही जनतेची अमानत आहे, तिचा हिशोब मागणे हा गुन्हा नव्हे. दुसरी म्हणजे काउंटी समिती. मदतीच्या स्थानिक कामकाजावर देखरेख करणारे सदस्य शेतकरीच मतदानाने निवडतात.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी यावर विचार करावा. वीजसवलत असो वा व्याजसवलत, ज्याची नोंद दप्तरात त्याचाच हक्क शाबूत. मागांची नोंदणी, वीजबिले, कर्जाचे कागद जपून ठेवा आणि आपल्या संघटनेकडून लाभधारकांची यादी जाहीर करण्याची मागणी लावून धरा. लबकचा शेतकरी केवळ नशिबावर विसंबत नाही, कागद तयार ठेवतो. तदबीर आपणही करावी, बरकत देणारा अल्लाह आहे.