दुधातलं पाणी बर्फ सांगतो

मागच्या पावसाळ्यात चाकणजवळच्या आमच्या गटाचा ४० लिटरचा कॅन संकलन केंद्रावरून परत आला. म्हणे, पाणी आहे. आमचा लॅक्टोमीटर तर ठीक दाखवत होता! झालं, एका ताईवर सगळ्यांचा संशय.

केंद्रावर दूध गोठवून तपासलं होतं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. दुधात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतं. क्रायोस्कोप नावाच्या यंत्राला चमचाभर दूधही लागत नाही. ते शून्याच्या बरंच खाली गार करतात, तरी ते पातळच राहतं. मग यंत्र एक हादरा देतं. दूध गोठू लागतं, तापमान थोडं चढून एका आकड्यावर थांबतं. तो गोठणबिंदू. शंभरात एक भाग पाणी असेल, तर हा आकडा साधारण ०.००५ अंश शून्याकडे सरकतो.

लॅक्टोमीटर नुसता जडपणा मोजतो. साय काढली की दूध जड, पाणी घातलं की हलकं. दोन्ही केलं की तो फसतो. आंबलेलं दूध मात्र क्रायोस्कोपलाही चकवतं, म्हणून नमुना ताजा आणि गार हवा. मीठ, साखर, युरियाची तपासणी वेगळी.

आमचा आकडा उणे ०.५१ होता. मग हिशेब केला. दूध वाया जाऊ नये म्हणून आम्ही दहाही जणी धारेची बादली विसळून ते पाणी किटलीत ओतत होतो. दहा वाट्या, म्हणजे २ लिटर!

आता ते पाणी वासराला जातं, किटल्या रात्री पालथ्या. ती ताई अजून बैठकीला येत नाही. उद्या आम्ही तिच्या घरी जाणार आहोत.