नीरा-भीमेतील माशांचे परतीचे पाणी

मृगाच्या सरींनी नदी गढूळ होताच अंगी अंडी धारण केलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात; परंतु 1980 च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूरची भीमा जलाशयात परिणत केली आणि खालून वर येणाऱ्या मत्स्यकुळांचा मार्ग कायमचा रोखला. इतक्या उंच भिंतीवर मत्स्यसोपान, म्हणजे माशांना चढण्यासाठीचा पायऱ्यांचा मार्ग, बांधणे जवळजवळ निरर्थक होय.

नीरेची गोष्ट निराळी आहे. नरसिंहपूरच्या संगमापासून बारामतीच्या शिवेवरून वर जाताना आडवे येतात ते कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढले आणि ओसरत्या पाण्यात घाईने बसवले नाहीत, तर तोच बंधारा माशांना दार होतो. पाटबंधारे खात्याने या तारखा ठरवताना विणीचा हंगामही दप्तरी नोंदवावा, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

महाशीर मासा वाहत्या, स्वच्छ पाण्यातील खडीवर अंडी घालतो. म्हणून ही खडीही उकरून नेणारा वाळूउपसा थांबवणे तितकेच निकडीचे आहे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीराची कृत्रिम पैदास होते, ही मोलाची जोड आहे. परंतु खडीच उरली नाही, तर सोडलेले बीज मोठे होऊन विणणार कोठे?