कान्हेरीचा डोंगर आणि भरलेली बाटली

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या वस्तीच्या बुद्ध विहारातून आम्ही बावीस जण बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दिवसभराच्या डोंगरचढाईला गेलो. चौदा महिला, पाच पुरुष आणि तीन शाळकरी मुलं. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची आणि सगळ्यात वडीलधाऱ्या आक्का एकसष्ट वर्षांच्या. कान्हेरीची लेणी आमच्यातल्या बहुतेकांनी आधी पाहिली होती, पण ती बसने पायथ्याशी उतरून, चैत्यगृहात वंदना घेऊन, फोटो काढून परतण्यापुरतीच. या वेळी गेटपासून चालत जायचं आणि वाटाड्या घेऊन लेण्यांच्या वरचा डोंगर चढायचा, असं ठरलं होतं.

निमित्त झालं विहारातल्या आरोग्य शिबिराचं. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणांना बीपी किंवा शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला." पण आमच्या वस्तीत चालणार कुठे? गल्ली तीन फुटांची, त्यात गटार, पाण्याचे ड्रम आणि मोटारसायकली. म्हणून महिन्यातून एकदा तरी मोकळ्या जागी जाऊन पोटभर चालायचं ठरवलं आणि पहिलं नाव निघालं ते कान्हेरीचं.

धम्मात चालण्याला मान आहे. भिक्खूंच्या दिनचर्येत चंक्रमण होतंच. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि समाधी दीर्घकाळ टिकते. यातले पहिले चार तर आजचे डॉक्टरही सांगतात.

वाटाड्या का हवा

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध असलं, तरी ते खरं जंगल आहे आणि त्यात बिबटे आहेत. कान्हेरीपर्यंतची डांबरी सडक सर्वांना खुली असते. आतल्या जंगलवाटांवर मात्र परवानगी आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. त्यासाठी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करून नाव नोंदवावं. सोमवारी उद्यान बंद असतं, हेही ध्यानात ठेवावं.

आमच्याबरोबर दोन वाटाडे होते. दोघांचं लहानपण जंगलातल्या पाड्यावर गेलेलं. निघतानाच त्यांनी नियम सांगितले. सगळ्यांनी एकत्र चालायचं. मुलं मध्ये. स्पीकरवर गाणी नाहीत. माकडांना काही द्यायचं नाही आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडायची नाही. दर अर्ध्या तासाला थांबून प्रत्येकाने पाणी प्यायचं, तहान लागली असो वा नसो.

बाकीचे नियम आम्ही पाळले. शेवटचा आम्ही मोडला आणि मोडतोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आक्कांना घेरी आली

सकाळी साडेसातला गेटमधून निघालो. सुमारे सहा किलोमीटरची सडक, दोन्ही बाजूंना झाडी आणि हवेत गारवा. गप्पा मारत दोन तासांत लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचलो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आठ-आठ तास उभे राहणारे आम्ही, हा डोंगर तो केवढा, असं वाटत होतं. आक्का तर सगळ्यांच्या पुढे. त्या चार घरी धुणीभांडी करतात, दिवसभर जिने चढतात-उतरतात. त्यांची काळजी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लेण्यांमधल्या दगडी पायऱ्या अर्ध्या चढलो आणि आक्का मध्येच खाली बसल्या. दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. वाटाड्याने त्यांना धरून जवळच्या विहाराच्या सावलीत नेलं. आमच्यातल्या एक ताई आरोग्यसेविका आहेत. त्यांनी पिशवीतलं मशीन काढून बोटाला टोचून पाहिलं. साखर ५८. ती ७० च्या खाली गेली की धोका सुरू होतो.

ताईंनी पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून आक्कांना पाजली. कुणी चिक्की पुढे केली, ती ताईंनी बाजूला ठेवली. अशा वेळी साखर लवकर रक्तात पोहोचायला हवी आणि शेंगदाण्याच्या चिक्कीला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ८४. घाम थांबला, चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांना भाकरी आणि उकडलेलं अंडं खाऊ घातलं.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. पहाटे पाचला आक्कांनी शुगरची गोळी घेतली, वर चहा आणि दोन खारी. वाटेत सगळ्यांनी नाश्ता केला तेव्हा "भूक नाही" म्हणाल्या. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढतात. त्यात दोन तासांची चाल आणि चढण, म्हणजे साखर आणखी उतरणार. त्यांची पाण्याची बाटलीही काठोकाठ भरलेली निघाली. घरून निघाल्यापासून त्यांनी घोटभरही पाणी प्यायलं नव्हतं.

"पाणी का नाही प्यायलात?" ताईंनी विचारलं.

आक्का म्हणाल्या, "प्यायले तर जाऊ कुठे?"

ताईंनी मग सगळ्याच महिलांना बाटल्या दाखवायला सांगितल्या. चौदापैकी नऊ जणींच्या बाटल्या अर्ध्याही रिकाम्या झाल्या नव्हत्या. पुरुषांच्या आणि मुलांच्या मात्र संपत आल्या होत्या.

ही सवय डोंगरावरची नाही

आमच्या वस्तीत सार्वजनिक शौचालय आहे. रात्री तिथे दिवा नसतो, दोन दारांना कडी नाही, सकाळी रांग लागते. म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं नाही, हे मुलीला वयात येताच आई शिकवते. कामावर वेगळीच गत. आक्का त्या सावलीत बसून म्हणाल्या, "चार घरांची बाथरूम घासते, पण एकाही घरात मला जायची मुभा नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही. बऱ्याच जणींना ते नवं नव्हतं.

लघवी तासन्‌तास दाबून धरणं आणि पाणी तोडणं, यातून लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग वारंवार होतो, मुतखड्याचा धोका वाढतो, बद्धकोष्ठता होते, डोकं दुखतं, घेरी येते. शुगर असलेल्या बाईला तर संसर्गाचा धोका अधिकच. आपण हे सगळं "उष्णता झाली" म्हणून सोडून देतो. पाणी पुरेसं आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

आम्ही बसलो होतो त्या विहाराच्या दाराशीच दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक विहारांच्या जवळ असं टाकं आहे. पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरायचं. टाक्याचं तोंड लहान ठेवलेलं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी गार राहतं. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या उपासक-उपासिकांनी आणि भिक्खुणींनीही दिलेली दानं या लेखांत नोंदलेली आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी लेण्यासोबत पोढी दिली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं संघ या डोंगरावर राहू शकला, तो या पाण्याच्या आधारावर.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं. पाण्यावरचा तो हक्क आपण मिळवला. आणि आज आपल्याच लेकी-सुना हातात भरलेली बाटली असताना तहानलेल्या राहतात, कारण पाणी प्यायल्यावर जायला जागा नाही. कान्हेरीच्या त्या टाक्याशेजारी बसून आम्हाला हे पहिल्यांदा नीट दिसलं.

मग आम्ही काय केलं

वाटाड्याने एक व्यवस्था सुचवली आणि ती दिवसभर चालली. वर निघण्यापूर्वी सगळ्या महिला पायथ्याच्या शौचालयात जाऊन आल्या. पुढे वाटेत गरज पडली, की पुरुष आणि मुलं एका वाटाड्याबरोबर पुढच्या वळणावर जाऊन थांबायचे. दोघी-तिघींनी मिळून जायचं, एकीने उभं राहून ओढणी धरायची. ही नुसती लाजेची बाब नाही. खाली बसलेला एकटा माणूस बिबट्याला लहान सावजासारखा दिसतो. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसांवर हल्ले झालेले आहेत. म्हणून जंगलात एकटीने आडोशाला जायचं नाही, जायच्या आधी आवाज करायचा आणि जवळ कुणीतरी उभं हवंच.

व्यवस्था झाली आणि बाटल्या आपोआप रिकाम्या होऊ लागल्या.

आक्का, आरोग्यसेविका ताई आणि आणखी दोघी एका वाटाड्याबरोबर खालच्या लेण्यांत थांबल्या. आम्ही बाकीचे दुसऱ्याबरोबर वर गेलो. लेणी मागे पडली, कातळ संपून गवत लागलं आणि माथ्यावरून तुळशी आणि विहार ही दोन्ही तळी दिसली. मुंबईच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही तळी आजही शहराला पाणी देतात. विहारचं पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी मिठी नदीत जातं, जिच्या काठावर आपल्या कितीतरी वस्त्या आहेत. मुलांना हे समोर दाखवता आलं.

उतरताना खरी परीक्षा गुडघ्यांची झाली. चप्पल घालून आलेल्या दोघी बारीक खडीवर घसरल्या. वाटाड्याने सांगितलं: पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, सरळ खाली न उतरता नागमोडी उतरा, हातात काठी धरा. चार वाजता पायथ्याशी येऊन बस पकडली तेव्हा पाय बोलत होते, पण सगळे धडधाकट होते.

तुम्ही जाणार असाल तर

• पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. उन्हाळ्यात अशी चढण नको.

• आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा तास चाला, जिने चढा. पहिल्याच दिवशी डोंगर नको.

• महापालिकेच्या दवाखान्यात बीपी आणि शुगर तपासून घ्या. चालताना छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने दम लागत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, टीबीचे उपचार चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

• शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारा. मनाने गोळी बंद करू नका आणि उपाशीपोटी निघू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. माणूस बेशुद्ध झाला तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने १०८ ला फोन करा.

• माणशी किमान दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या. टाक्यांतलं किंवा ओढ्यातलं पाणी पिऊ नका.

• चप्पल नको. तळाला खाचा असलेले साधे बूट चालतात, महागडे लागत नाहीत. पायाची नखं कापून घ्या, नाहीतर उतरताना बोटं ठेचतात.

• साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. जोडवी, पैंजण, बांगड्या काढा, तो हात किंवा पाय न हलवता माणसाला सरकारी रुग्णालयात न्या. माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

• खाऊचे कागद आणि बाटल्या परत आणा. तो डोंगर आपल्या पूर्वजांचा विहार आहे.

परतल्यावर

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक झाली. शौचालयाचा दिवा आणि दारांच्या कड्या यांचा अर्ज लिहिला. त्यावर एकशे बारा महिलांनी सह्या आणि अंगठे दिले आणि तो वॉर्ड कार्यालयात नेऊन पोच घेतली. हे छापायला जाईपर्यंत कड्या बसल्या आहेत, दिवा अजून बसलेला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

आक्कांनी आपल्या चारही घरी बाथरूम वापरण्याबद्दल विचारलं. दोन घरांनी हो म्हटलं, एकाने टाळलं, एकाने नाही म्हटलं. "नाही म्हटलं त्या घरचं काम सोडणार," असं त्या म्हणाल्या, पण अजून सोडलेलं नाही, कारण पगार तिथलाच जास्त आहे. मात्र बाटली आता त्या रोज सोबत नेतात आणि संध्याकाळी ती रिकामी होऊन येते.

पुढची चढाई फेब्रुवारीत आहे. या वेळी आक्कांना माथ्यापर्यंत यायचं आहे. नाश्ता करूनच निघेन, असा शब्द त्यांनी ताईंना दिला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!