गणेशखिंडीतले दोन शेजारी आणि एक हरलेला सिद्धांत

पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राच्या दोन संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एक आयुका. जयंत नारळीकर १९८८ पासून तिचे संस्थापक संचालक होते. दुसरी एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, गोविंद स्वरूप यांनी घडवलेलं. नारळीकरांनी उभी हयात ज्या विश्वसिद्धांताची पाठराखण केली, त्याच्या विरोधातला एक भक्कम पुरावा स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी १९७५ मध्येच मांडला होता. तेव्हा हे तिघेही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे तिघेही पुण्यात आले आणि एकमेकांचे शेजारी झाले.

सिद्धांत सत्याच्या जवळ कसे सरकतात, असं कुणी विचारलं की मी या आवाराची गोष्ट सांगतो. तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिलं आहे, तेही थोडक्यात सांगायला हवं. कार्ल पॉपर यांचं म्हणणं, सिद्धांत खरा आहे हे कधीच सिद्ध होत नाही, खोटा ठरू शकतो एवढंच. तरीही एक चूक सिद्धांत दुसऱ्या चूक सिद्धांतापेक्षा सत्याच्या अधिक जवळ असू शकतो. ही जवळीक मोजायची एक व्याख्या त्यांनी साठच्या दशकात दिली. १९७४ मध्ये पावेल टिची आणि डेव्हिड मिलर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की त्या व्याख्येनुसार दोन चूक सिद्धांतांत डावं-उजवं करताच येत नाही. तेव्हापासून नव्या व्याख्यांचा शोध चालू आहे. मला त्या वादापेक्षा, सत्याकडे प्रत्यक्ष सरकताना माणसं काय करतात, हे पाहण्यात जास्त रस आहे.

नारळीकरांनी पुढे पाठराखण केलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत १९४८ मध्ये हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉयल यांनी मांडला. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्याला आरंभ आहे हे मान्य नव्हतं. दीर्घिका दूर जातात तशी मधल्या पोकळीत नवी द्रव्यनिर्मिती होते आणि विश्वाचं सरासरी रूप अनादिकाळ तेच राहतं. त्यासाठी एका घनमीटरमध्ये अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखाददुसरा अणू निर्माण झाला तरी पुरे. आज हे विचित्र वाटेल. मला मात्र हा विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रामाणिक सिद्धांतांपैकी एक वाटतो, कारण त्याने पळवाट ठेवली नव्हती. दूरचं विश्व, म्हणजेच जुनं विश्व, जवळच्या विश्वासारखंच दिसलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर सिद्धांत गेला.

ते तपासायची पहिली मोठी संधी रेडिओ स्रोतांच्या मोजणीने दिली. आकाशातले रेडिओ स्रोत सगळीकडे सारखे पसरलेले आहेत असं समजा. आज दिसतात त्याच्या एक-चतुर्थांश तेजाचे स्रोतही मोजायचे ठरवले, तर आपण दुप्पट अंतरापर्यंत पोचतो. तेवढ्याने आकारमान आठपट होतं, म्हणून स्रोतही आठपट भरायला हवेत. स्थिर स्थितीत प्रसरणामुळे हा आकडा आठाहून कमीच यायला हवा. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी १९५५ मध्ये मोजणी जाहीर केली, तिचा हिशेब जवळपास चौसष्टपट निघत होता. दूर स्रोतांची गर्दी आहे, तेव्हा पूर्वीचं विश्व वेगळं होतं, स्थिर स्थिती संपली, असा राइल यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष आज आपण बरोबर मानतो. ज्या पुराव्यावर तो उभा होता तो मात्र चूक होता! राइल यांच्या यादीत १,९३६ स्रोत होते. सिडनीच्या बर्नार्ड मिल्स यांनी त्याच आकाशपट्ट्याची आपली यादी ताडून पाहिली, तर दोन्ही जुळेचनात. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर पुरेशी तीक्ष्ण नव्हती. शेजारशेजारचे मंद स्रोत मिसळून एकच दिसत होते आणि यादीतला मोठा हिस्सा त्या मिसळीचा होता. राइल यांनी पुन्हा उपकरणं बांधली, पुन्हा मोजलं. १९६१ मध्ये आकडा चौसष्टावरून साधारण बारावर आला. तो आठाहून जास्तच होता, पण आता त्यावर विश्वास ठेवता येत होता. हॉयल आणि त्यांच्यासारखे हट्टी विरोधक नसते, तर एका बरोबर निष्कर्षाखाली चुकीचा पाया तसाच राहिला असता. विज्ञानाच्या इतिहासात विजेत्यांचं कौतुक होतं, पण विजेत्यांना नीट मोजायला भाग पाडणाऱ्यांचं फारसं होत नाही.

राइल यांच्या नव्या आकड्यांना उत्तर द्यायला फेब्रुवारी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उभा राहिला तो बावीस वर्षांचा नारळीकर नावाचा संशोधक विद्यार्थी. हॉयल यांना बाहेरगावी जायचं होतं, म्हणून ही जबाबदारी त्याच्यावर आली. दीर्घिका सारख्या पसरलेल्या नसून मोठमोठ्या समूहांत गोळा झालेल्या असतील आणि आपण एखाद्या विरळ भागात असू, तर हा जादा आकडा स्थिर स्थितीतही निघू शकतो, असा दोघांचा युक्तिवाद होता. त्या काळी इतके मोठे समूह आणि मधल्या पोकळ्या मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. आज त्यांचे नकाशे पाठ्यपुस्तकांत छापतात. सिद्धांत वाचवायला मांडलेली एक कल्पना सिद्धांताला वाचवू शकली नाही, पण ती स्वतः खरी निघाली.

याहूनही मोठं उदाहरण मूलद्रव्यांचं. महास्फोट मानणाऱ्यांपैकी जॉर्ज गॅमॉ यांना सगळी मूलद्रव्यं त्या आरंभीच्या भट्टीत तयार करायची होती. हॉयल यांच्या विश्वात आरंभच नव्हता, म्हणून त्यांना ती ताऱ्यांच्या पोटात घडवणं भाग होतं. त्या निकडीतून त्यांनी १९५३ मध्ये कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे असं सांगितलं, आणि प्रयोगशाळेत ती सापडली. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉयल यांचा प्रदीर्घ निबंध आला. आपल्या रक्तातलं लोह आणि हाडांतलं कॅल्शियम ताऱ्यांत बनलं, हे ज्ञान आपल्याला एका पराभूत सिद्धांताच्या गरजेतून मिळालं आहे. मी जिथे जिथे बोलायला जातो तिथे हे सांगतोच.

१९६५ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण सापडलं. ते विश्वाच्या तप्त आरंभाचा अवशेष मानलं गेलं आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीला तिथेच निरोप दिला.

आता उटी. मुथोरई गावाजवळच्या डोंगरउतारावर स्वरूप यांनी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये चालू झाली. हा उतार त्यांनी हुडकून काढला होता, कारण त्याचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे अकरा अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर होतो आणि ती एकाच आसाभोवती फिरवून स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. काम चंद्रावर सोपवलेलं. चंद्राची कड कुठल्या क्षणी कुठे असेल हे नेमकं ठाऊक असतं. तिच्याआड रेडिओ स्रोत कसा विझतो आणि कसा परत उजळतो यावरून त्याची जागा आणि आकार काढायचा. अशा चंद्रपिधानांतून मिळालेले मंद स्रोतांचे आकार कपाही आणि स्वरूप यांनी तेजाशी ताडून पाहिले. दूरचे स्रोत आजच्यापेक्षा लहान आणि संख्येने जास्त होते असं मानल्याशिवाय आकडे जुळत नव्हते. म्हणजे विश्व बदलत आलं आहे. राइल यांच्या मोजणीपेक्षा हा वेगळाच मार्ग होता, आणि तोही त्याच मुक्कामी पोचला. माझ्या मते सत्याजवळ सरकण्याची याहून चांगली खूण नाही.

नारळीकर थांबले नाहीत. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सिद्धांताला नवं रूप दिलं. त्यात विश्व आकुंचन-प्रसरणाच्या आवर्तनांतून जातं, छोटे-छोटे निर्मितिस्फोट होत राहतात, आणि सूक्ष्मलहरींचं प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. मला हे पटत नाही. कोबे उपग्रहाने मोजलेला त्या प्रारणाचा वर्णपट इतका निर्दोष आहे की तो सुयांकडून मिळवायला फार जमवाजमव करावी लागते. पण १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असं आढळलं, तेव्हा प्रचलित महास्फोट सिद्धांत मानणारे चकित झाले. १९४८ च्या स्थिर स्थितीत तो वेग पहिल्यापासून वाढताच होता.

तपासणीचा हा आग्रह नारळीकरांनी फक्त विश्वापुरता ठेवला नाही. २००८ मध्ये पुण्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या आणि कुठली कोणाची हे ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के आलं, म्हणजे नाणेफेकीइतकंही नाही. अनुमान आधी लिहून द्या, मग मोजू: राइल यांनी हॉयल यांना लावलेली कसोटी हीच होती.

नारायणगावच्या पुढे खोडदला एनसीआरएची रेडिओ दुर्बीण आहे, तिथे मी अनेकदा गेलो आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला जावं. शाळांची पोरं प्रयोग मांडून बसलेली असतात आणि शेतांच्या पलीकडे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या वळत असतात. अशा एकूण तीस, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जवळून पाहिलं की तबकडीतून आभाळ दिसतं. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारांची विरळ जाळी आहे, म्हणून वजन कमी, वाऱ्याचा रेटा कमी आणि खर्चही आवाक्यात. ही स्वरूप यांची युक्ती. दुर्बीण आखताना एक मोठा हेतू होता दीर्घिका बनण्याआधीचे हायड्रोजनचे अजस्र ढग शोधण्याचा. आधी प्रचंड ढग बनले आणि मग त्यांचे तुकडे पडून दीर्घिका झाल्या, असं मानणारा एक सिद्धांत तेव्हा जोरात होता. तो पुढे मागे पडला आणि ते ढगही मिळाले नाहीत. पण हायड्रोजनचा शोध चालू राहिला. २०२० मध्ये एनसीआरएच्या संशोधकांनी सुमारे ७,६५० दीर्घिकांचे अतिमंद संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. तेव्हाच्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणून पुढे ताऱ्यांची निर्मिती मंदावली.

अलीकडे एनसीआरएच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला अलकनंदा हे नाव दिलं. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची ती आहे. इतक्या लवकर दोन रेखीव भुजा असलेली, नीट बसलेली तबकडी तयार होणं प्रचलित चित्रात अवघड मानलं जात होतं. तिच्या भुजा कशा बनल्या याची एकाहून अधिक स्पष्टीकरणं आहेत. त्यांतलं कुठलं टिकतं हे ठरवायला तिच्यातला वायू किती शिस्तीत फिरतो ते मोजावं लागेल.