अर्दित आणि लालाग्रंथीचा कर्करोग : निदानातील सावधानता

मुख एका बाजूस वक्र झालेला रुग्ण समोर येताच अर्दिताचे निदान होते आणि नस्य, अभ्यंग, स्वेदन यांची योजना केली जाते. बहुतांश रुग्णांत ते योग्यही असते. तथापि लालाग्रंथीच्या घातक अर्बुदातही हेच लक्षण उत्पन्न होते, याचे स्मरण वैद्याने ठेवणे अगत्याचे आहे.

फेशियल नर्व्ह कर्णमूलाजवळ कवटीतून बाहेर पडून पॅरोटिड या लालाग्रंथीत शिरते व तेथेच तिच्या शाखा होतात. लालाग्रंथींची सुमारे ८० टक्के अर्बुदे याच ग्रंथीत होतात. त्यांतील बहुसंख्य सौम्य असतात. सौम्य अर्बुद नर्व्हला केवळ बाजूस सारते, घातक अर्बुद मात्र तिच्यात शिरकाव करते. म्हणून गाठीसह मुखवक्रता असल्यास कर्करोगाची शंका घेतलीच पाहिजे.

अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा प्रकार या दृष्टीने विशेष फसवा आहे. तो मंदगतीने वाढतो; परंतु नर्व्हच्या आवरणालगत पसरत कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो. टाळूतील लघु लालाग्रंथींत उद्भवल्यास ट्रायजेमिनल नर्व्हच्या शाखांद्वारे गाल वा ओठ बधिर होणे, मुंग्या येणे, वेदना ही लक्षणे दिसतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वर्णिलेले खोल मूल असलेले, मंद वाढणारे व न पिकणारे अर्बुद येथे सहज आठवते.

पुढील लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे :

१) बेल्स पाल्सीत वक्रता साधारणतः ७२ तासांत पूर्ण होते; येथे ती अनेक आठवडे हळूहळू वाढत जाते.
२) तीन-चार महिन्यांनंतरही किंचितही सुधारणा नसते.
३) नर्व्हची एखादीच शाखा बाधित होते वा त्याच बाजूस वक्रता पुन्हा उद्भवते.
४) गाठ कठीण, अचल वा वेदनायुक्त असते, मानेतही ग्रंथी लागतात.

वेदना नसणे हे सौम्यतेचे प्रमाण नव्हे.

अशा गाठीवर मर्दन, अग्निकर्म वा रक्तमोक्षण करू नये. सोनोग्राफी, सुईने पेशीपरीक्षण आणि नर्व्हचा मार्ग दाखविणारे एमआरआय यांसाठी रुग्णास त्वरित कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शस्त्रकर्म ही मुख्य चिकित्सा असून नर्व्हमध्ये शिरकाव आढळल्यास प्रायः किरणोपचारही द्यावे लागतात. निदान लवकर झाले तर अनेकदा नर्व्ह वाचविता येते. यास्तव अर्दिताची चिकित्सा आरंभण्यापूर्वी दोन्ही कर्णमूले व मान स्पर्शाने आणि टाळू प्रकाशात तपासण्याचा परिपाठ प्रत्येक वैद्याने ठेवावा.