बसेल, पण चालणार नाही

“ताई, हा बसेल, पण चालणार नाही.”

पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात मी २०१६ साली घेतलेला संगणक घेऊन गेले होते. सोबत ओळखीतून स्वस्तात मिळालेला आय५-८४०० प्रोसेसर. जुन्या आय३-६१०० चं सॉकेट एलजीए ११५१, नव्याचंही ११५१. आकडा जुळला म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते.

कारागिरानं प्रोसेसर बाजूला ठेवला. कॅबिनेटचं झाकण काढून ब्रशनं धूळ झटकली आणि टॉर्चच्या उजेडात मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल वाचलं. चिपसेट एच११०. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बोर्डाची आवृत्ती. मग संगणक चालू करून सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामात बायोसची आवृत्ती पाहिली. तिन्ही गोष्टी एका चिठ्ठीवर उतरवल्या.

मग बोर्डाच्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेली प्रोसेसरांची यादी उघडली. त्यात फक्त सहावी आणि सातवी पिढी. माझा प्रोसेसर आठवीतला, २०१७ चा. इंटेलनं त्या पिढीत पिनांची संख्या तीच ठेवली, पण काही पिनांची कामं बदलली, विजेसाठीच्या पिना वाढवल्या. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

यादीत आय५-७५०० होता : चार कोर, ६५ वॅट. त्याच ओळीत बायोसची किमान आवृत्तीही दिलेली. माझी त्याहून जुनी. “अपडेट आधी, जुना प्रोसेसर असतानाच,” तो म्हणाला. “नाहीतर नवा लावल्यावर डिस्प्लेच येणार नाही, आणि अपडेटसाठी पुन्हा जुनाच बसवावा लागेल.” संगणक यूपीएसवर घेतला, पेन ड्राइव्ह लावला. अपडेट चालू असताना त्यानं कुणालाही टेबलाजवळ येऊ दिलं नाही. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

रॅमचीही तीच तऱ्हा. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ घेतात, काही डीडीआर४. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. माझा डीडीआर४ चा. ३२०० ची स्टिक यातही चालली असती, पण धावली असती २४०० नंच. तेव्हा जास्त वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. त्या पैशांत मी ८ जीबीची आणखी एक साधी स्टिक घेतली.

आय५-८४०० ज्याचा त्याला परत केला. दोन दिवसांनी जुना आय५-७५०० मिळाला आणि पहिल्याच प्रयत्नात डिस्प्ले आला. कारागिरानं चिठ्ठीवरचा बायोसचा जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. आता काहीही घ्यायचं असलं की आधी झाकण उघडते, चिठ्ठी वाचते, यादी पाहते. पैसे त्यानंतर.